प्रमाणपत्रावर ४० टक्के, पण फळ्यावरचं किती दिसतं?

नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत कमी दिसणाऱ्या मुलाची फाइल उघडा, सगळ्यात वर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र सापडेल. मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी रुग्णालयांच्या चकरा मारून आईबापांनी ते मिळवलेलं असतं. त्यावर टक्का असतो: ४०, ७५, कधी १००. वर्गशिक्षक तो पाहतात, नोंद घेतात, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून टाकतात. मग तास सुरू होतो आणि खरे प्रश्न समोर येतात. याला पुढे बसवायचं की खिडकीपासून लांब? पुस्तक मोठ्या अक्षरांचं मागवायचं की ब्रेल? विज्ञानाच्या पुस्तकातली हृदयाची आकृती शिकवायची कशी? प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं तरी यातल्या एकाचंही उत्तर त्यावर नसतं.

त्यात प्रमाणपत्राचा दोष नाही. टक्का काढतात तो सवलती ठरवायला. मूल शिकेल कसं, हे शोधायला वेगळी पाहणी लागते. तिला शैक्षणिक गरजांचं मूल्यमापन म्हणतात. ती वर्गात, व्हरांड्यात, मैदानावर आणि घरी होते, आणि तिच्यात शिक्षक-पालकांचा वाटा डॉक्टरांपेक्षा कमी नसतो. नाव जड आहे, काम तेवढं जड नाही. तरीही आपल्याकडे ते पुष्कळदा एका ओळीत उरकलं जातं: ‘विद्यार्थ्यास कमी दिसते, सहकार्य करावे.’ सहकार्य म्हणजे नेमकं काय करावे, ते कुणीच लिहीत नाही.

टक्क्याच्या पोटात काय असतं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ची व्याख्या अशी: चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी, किंवा दृष्टिक्षेत्र (नजर एका जागी ठेवून दिसणारा पसारा) १० अंशांहून कमी, तर अंधत्व. नजर ६/१८ च्या खाली पण ३/६० पर्यंत, किंवा क्षेत्र ४० अंशांहून कमी पण १० पर्यंत, तर अल्पदृष्टी. सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असला तर ३० टक्के धरतात. म्हणजे ते मूल सवलतीत बसत नाही. पण कबड्डीत त्या बाजूने आलेला गडी त्याला दिसत नाही, आणि वर्गात चुकीच्या टोकाला बसवलं तर अख्खा तास मान वळवून बसावं लागतं. टक्का कमी म्हणून गरजच नाही, असं कुठे असतं?

आता असे आकडे म्हणजे काय, ते ६/६० घेऊन पाहू. निकोप डोळा जे अक्षर ६० मीटरवरून ओळखतो, ते ओळखायला या मुलाला ६ मीटरवर यावं लागतं. इथपर्यंत सगळे सांगतात. मास्तरांच्या कामाचं गणित त्याच्या पुढे आहे. दवाखान्यातल्या तक्त्यावर ६/६ च्या ओळीतलं अक्षर साधारण ९ मिलिमीटर उंच असतं आणि ते ६ मीटरवरून वाचायचं असतं. ६/६० चं अक्षर त्याच्या दहापट, जवळपास ९ सेंटिमीटर. फळ्यावर आपण लिहितो ते चार-पाच सेंटिमीटरचं. ६/६० चं पोरगं मागच्या बाकावर, ६ मीटरवर बसलं असेल तर त्याला फळ्यावर पांढऱ्या रेघोट्या दिसतात, अक्षर नाही. २ मीटरवर आणलं तर ३ सेंटिमीटरचं अक्षर जेमतेम कळेल. जेमतेम, बरं का! तक्त्यावर एकेक अक्षर ताणून ओळखणं वेगळं आणि ओघात वाचणं वेगळं. ओघात वाचायला अक्षर त्या किमान मापाच्या दुप्पट-तिप्पट लागतं, म्हणजे २ मीटरवरून सहा ते नऊ सेंटिमीटर. एवढं मोठं लिहायचं म्हटलं तर मोजक्या ओळींतच फळा संपतो.

म्हणून ‘आम्ही त्याला पहिल्या बाकावर बसवलंय’ एवढ्यावर समाधान मानू नये. त्या मुलाला फळ्यावरचा मजकूर हातात हवा असतो. लिहिताना मोठ्याने वाचून लिहा, शेजारच्या मुलाची वही त्याच्यासमोर ठेवा, किंवा मोबाइलवर फळ्याचा फोटो काढून तो मोठा करून बघू द्या. यातलं काहीही महाग नाही.

दृष्टिक्षेत्राचं गणित याच्या उलट जातं, आणि घोटाळा इथेच होतो. १० अंशांचं क्षेत्र उरलेल्या मुलाने पुस्तक ४० सेंटिमीटरवर धरलं तर एका वेळी त्याला पानावरचा फक्त सात सेंटिमीटर रुंदीचा गोल दिसतो. पाठ्यपुस्तकाची ओळ त्याहून बरीच लांब असते. अशा मुलाला कुणी कळवळ्याने मोठ्या अक्षरांचं पुस्तक दिलं, तर त्या गोलात आधी चार शब्द मावत होते तिथे दोनच मावतात. वाचन आणखी रखडतं. डोळ्याचा पडदा (रेटिना) हळूहळू निकामी करणाऱ्या रेटिनायटिस पिग्मेंटोसा या आजारात पुष्कळदा असंच होतं: दिवसाउजेडी बारीक छपाई वाचता येते, पण वर्गातून जाताना रांगेतलं दप्तर दिसत नाही आणि संध्याकाळी अंगणातली खाटही दिसत नाही. ‘पेपर वाचतो अन् बादलीला ठेचकाळतो, नाटकं करतो’ असा शेरा या मुलांनी हमखास ऐकलेला असतो. टक्का दोघांचा सारखा असू शकतो; एकाला अक्षर मोठं हवं, दुसऱ्याला मोठं नकोच.

वर्गात बसून पाहायचं काय

सुरुवात मात्र डॉक्टरांच्या कागदापासूनच करायची. आजार कोणता, तो वाढणारा आहे की स्थिर, चष्मा आहे का, असला तर जवळचा की लांबचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांत मुलं तपासतात. पण यादीत नाव येणं आणि नाकावर चष्मा येणं यांत मोठं अंतर आहे. आलेला चष्मा दप्तरात, दप्तर खुंटीला, असंही होतं. चष्म्याने भागणारं काम असेल तर आधी तेच करून घ्यावं, पुढचा सगळा खटाटोप मग.

त्यानंतर येते कार्यात्मक दृष्टीची पाहणी. मुलाकडे जेवढी नजर आहे ती तो रोजच्या कामात कशी वापरतो, हे बघायचं. उदाहरणादाखल कुही तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतली सहावीची एक मुलगी घेऊ. जन्मतः मोतीबिंदू, लहानपणी शस्त्रक्रिया झालेली, डोळे सतत हलतात. प्रमाणपत्रावर ४० टक्के. आईचं म्हणणं सरळ आहे: “दुकानातून सामान आणते, बकऱ्या चारते, टीव्ही पाह्यते. मंग शाळेतच कायले दिसत नाही हिले?”

आईचा प्रश्न रास्त आहे, आणि मूल्यमापनाची सुरुवात तिथूनच होते. दुकानाचा रस्ता पाठ आहे. बकरी मोठी असते, हलते, हिरव्यावर काळी उठून दिसते, शिवाय ओरडते. टीव्ही किती अंतरावरून पाहते ते विचारा. नाक टेकेल एवढ्यावरून. शाळेतलं अक्षर मात्र बारीक, स्थिर आणि करड्या पडलेल्या फळ्यावर फिकट खडूने काढलेलं असतं. त्यामुळे घरातलं ‘दिसतं’ आणि शाळेतलं ‘दिसत नाही’ दोन्ही खरं असतं.

आता ती वर्गात बसली कशी ते पाहा. वाचताना ती मान डावीकडे वळवते आणि पुस्तक डोळ्यांपाशी नेते. मॅडम ओरडतात, “मान सरळ कर, पुस्तक लांब धर.” डोळे हलणाऱ्या पुष्कळ मुलांना एका विशिष्ट कोनात नजर टाकली की ते हलणं कमी होतं आणि अक्षर स्थिरावतं, हा कोन मुलं आपोआप शोधून काढतात. तिची वाकडी मान ही तिने स्वतः केलेली सोय आहे. ती तशीच राहू द्यायची आणि बाक असा ठेवायचा की त्याच कोनातून फळा दिसेल. पुस्तक जवळ धरल्याने डोळे बिघडतात हा समजही सोडून द्यावा. जवळ नेलं की अक्षर मोठं होतं, एवढंच तिला हवं आहे. मात्र मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गेलेलं असतं, त्यामुळे जवळ-लांब बघताना डोळा स्वतःहून जुळवून घेत नाही. तिच्याकडे फक्त लांबचा चष्मा असेल, तर जवळच्या नंबरासाठी नेत्रतज्ज्ञांकडे पुन्हा पाठवणं हीच पहिली शिफारस ठरते. अशी एक शिफारस कधीकधी वर्षभराच्या ‘सहकार्या’पेक्षा जास्त काम करून जाते.

मग तिला मोठ्याने वाचायला लावायचं, आणि चुका नुसत्या मोजायच्या नाहीत, जशाच्या तशा टिपायच्या. आपल्या लिपीत चुका पुष्कळ काही सांगतात. ‘आंबा’चा ‘आबा’ झाला, ‘सर्व’चं ‘सव’ झालं, म्हणजे अनुस्वार आणि रफार यांसारख्या बारीक खुणा नजरेतून निसटतायत. ‘घर’ आणि ‘धर’, ‘भात’ आणि ‘मात’ यांत गोंधळ, म्हणजे अक्षराच्या गाठी आणि शिरोरेषेतली फट दिसत नाही. ओळीचा शेवटचा शब्द दरवेळी गळतो, तर उजव्या बाजूचं क्षेत्र तपासायला हवं. ओळ संपल्यावर पुढची ओळ सापडत नाही, बोट फिरत राहतं, तर डावी बाजू बघावी किंवा डोळ्यांच्या हलण्याचा संशय घ्यावा. ओळीखाली पट्टी ठेवली की फरक पडतो का ते तिथेच पाहता येतं.

यानंतर तोच उतारा दुप्पट आकारात, गडद काळ्या अक्षरांत द्या. चुका गेल्या तर प्रश्न छपाईचा होता. चुका तशाच राहिल्या तर वेगळी शंका घ्यावी लागते: तिला वाचायला नीट शिकवलंच गेलं नसेल. कमी दिसतं म्हणून पहिली-दुसरीत कुणी तिच्याकडून वाचून घेतलं नाही आणि ती ऐकून ऐकून पाठ म्हणत राहिली, असं होऊ शकतं. दिसत नाही म्हणून येत नाही, की शिकवलं नाही म्हणून येत नाही, हे वेगळं काढणं या सगळ्या पाहणीचा गाभा आहे. पहिल्याला भिंग लागतं, दुसऱ्याला शिक्षक लागतो.

वाचनाचा वेग सुरुवातीला आणि वीस-पंचवीस मिनिटांनी असा दोनदा घ्यावा. पहिल्या पाच मिनिटांत सगळं छान वाटतं. नंतर डोळ्यांतून पाणी येतं, कपाळ धरलं जातं, वेग निम्म्यावर येतो. ज्या मुलाला चार ओळींच्या नमुन्यावर ‘वाचता येतं’ असा शेरा मिळतो, त्याचा घरचा अभ्यास रात्री अकरापर्यंत का चालतो ते इथे कळतं. दुसरीपर्यंत पुस्तकातली अक्षरं मोठी असतात, पानावर मजकूर थोडा असतो. पाचवी-सहावीत अक्षर लहान होतं आणि मजकूर वाढतो. ‘चौथीपर्यंत हुशार होता, मग काय झालं कोण जाणे’ असं ज्या मुलाबद्दल म्हणतात, त्याच्या बाबतीत नजर तीच राहिलेली असते, पान बदललेलं असतं. म्हणून एकदा केलेलं मूल्यमापन जन्मभर पुरत नाही. दरवर्षी पाहावं, आणि इयत्तेचा टप्पा बदलताना तर नक्कीच.

उजेडाचं नागपुरात वेगळं सांगायला नको. इथलं ऊन निरोगी डोळ्यांनाही सोसत नाही. अंगात रंगद्रव्य कमी असलेल्या, म्हणजे वर्णहीनता असलेल्या मुलाला मैदानावरच्या उन्हात डोळे उघडवत नाहीत, आणि खिडकीसमोर बसवलं तर तो तासभर डोळे मिचकावतो. त्याला टोपी, गडद चष्मा आणि खिडकीकडे पाठ हवी. उलट रेटिना कमजोर झालेल्या एखाद्याला तोच खिडकीचा उजेड वहीवर हवा असतो. यासाठी यंत्र लागत नाही. मुलाला वर्गात चार जागी बसवायचं आणि विचारायचं, “कुठे बरं दिसतं तुला?” हा प्रश्न इतका सोपा आहे की तो विचारायचं राहूनच जातं.

एक प्रकार चकवणारा आहे. डोळे तपासले तर ठीक, पण मूल बघत नाही. किंवा कधी बघतं, कधी नाही. जन्मावेळी मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या काही मुलांत बघण्याचं केंद्रच दुखावलेलं असतं. डोळा चित्र पाठवतो, मेंदूला ते उलगडत नाही. अशा मुलापुढे रंगीबेरंगी, खच्चून भरलेला तक्ता धरला की ते नजर वळवतं. त्याच्यापुढे एका वेळी एकच वस्तू, एकरंगी पार्श्वभूमीवर, शक्यतो त्याच्या ओळखीच्या रंगाची ठेवावी, आणि थांबावं. उत्तर उशिरा येतं. मूल्यमापन करणारा घाईत असेल तर हे मूल ‘मतिमंद’ या शिक्क्याखाली कायमचं जातं.

छापील, ब्रेल की कान?

मूल कोणत्या वाटेने शिकेल, हे ठरवण्याची एक पद्धत अमेरिकेतल्या अ‍ॅलन केनिग आणि के हॉलब्रुक यांनी १९९० च्या दशकात बसवून दिली. कल्पना साधी आहे. मूल काय काय करतं ते वेगवेगळ्या वेळी पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघत बसायचं आणि प्रत्येक कृतीपुढे लिहायचं: डोळ्याने, हाताने की कानाने. डबा कुठे आहे ते चाचपून शोधला की बघून? मैत्रीण ओळखली ती आवाजावरून की फ्रॉकच्या रंगावरून? नवी वस्तू हातात दिली तर आधी डोळ्यांजवळ नेली की बोटं फिरवली? काही दिवसांच्या नोंदी समोर आल्या की मूल स्वतः कोणत्या वाटेवर आहे ते दिसतं, आपल्या आवडीनिवडीला जागा उरत नाही.

आवडीनिवडी मात्र पुष्कळ असतात. पालकांना ब्रेल म्हणजे हार वाटते: “थोडं तर दिसते ना त्याले, मंग आंधळ्याचं कायले शिकवता?” शाळेला ब्रेल म्हणजे कटकट वाटते. आणि आता मोबाइल बोलतो, मग लिपी हवीच कशाला, असंही म्हणतात. माझं मत इथे ठाम आहे. ज्याला छापील अक्षर ओघात वाचता येत नाही, त्याला ब्रेल मिळालंच पाहिजे. नुसतं ऐकवून भागवू नये. ऐकणाऱ्याला ‘शक्ती’ आणि ‘शक्ति’ सारखंच ऐकू येतं. ऱ्हस्व-दीर्घ, परिच्छेद, समीकरणातला कंस, हे हातात आल्याशिवाय कळत नाही. आजार वाढणारा असेल तर थोडी नजर आहे तोवरच ब्रेल सुरू करावं. सकाळी डोळ्यांनी, थकल्यावर बोटांनी, असं दोन्ही चालवणारी मुलं असतात आणि ती मजेत शिकतात.

ब्रेलची तयारीही तपासावी लागते. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ पासून आहे. सहा टिंबांचं एक घर: डाव्या रांगेत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या रांगेत ४, ५, ६. ‘नागपूर’ लिहायला सहा घरं लागतात, कारण काना आणि ऊकार यांनाही स्वतंत्र घर मिळतं: न म्हणजे १-३-४-५, आ म्हणजे ३-४-५, मग ग १-२-४-५, प १-२-३-४, ऊ १-२-५-६ आणि र १-२-३-५. इथेही चुका बोलतात. ए (१-५) आणि इ (२-४) एकमेकांचं आरशातलं रूप आहेत. ह (१-२-५) आणि ज (२-४-५) तसेच. पाटी आणि टोच्याने लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचावं लागतं आणि कागद उलटून डावीकडून वाचावं लागतं, त्यामुळे नव्या मुलाचा इथे गोंधळ होणारच. पण सहा महिन्यांनंतरही तो तसाच असेल, तर आधी डावं-उजवं पक्कं आहे का ते बघावं. बोटांच्या टोकांना दोन टिंबांतलं अंतर कळतं का, दोन्ही हात मिळून चालतात का, हेही. शेतात राबणाऱ्या घरातल्या मोठ्या मुलाची बोटं घट्टे पडून राठ झालेली असतील तर त्याला सुरुवातीला जास्त वेळ द्यावा लागतो.

गणितासाठी अबॅकस (मणी सरकवून मोजायची चौकट) आणि टेलर फ्रेम (आकड्यांच्या खिळ्या बसवायची पाटी) आहेत. अंध मूल दिसलं की त्याला गणितातून सोडवून टाकण्याकडे आपला कल असतो. सवलत हा हक्क आहेच, पण ती घ्यावी की नाही हे मुलाला अबॅकस शिकवून बघितल्यावर ठरावं, त्याआधी नाही.

बोलणाऱ्या साधनांचीही पाहणी हवी. संगणकासाठी पडद्यावरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए फुकट मिळतं, अँड्रॉइड फोनमध्ये तेच काम करणारं टॉकबॅक असतंच, आणि २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात वाचता-ऐकता येणारी पुस्तकं आहेत. मात्र मराठी पुस्तकाची पीडीएफ युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्राला अक्षर ओळखता येईल अशा रूपात, नसेल तर तोच फोन अगम्य बडबडतो. साधन दिलं असं लिहिण्याआधी या मुलाचं हे पुस्तक त्यात खरंच ऐकू येतं का, ते एकदा लावून पाहावं.

पुस्तकाबाहेरचं

डोळस मूल कितीतरी गोष्टी कुणी न शिकवता, नुसतं बघून शिकतं. कमी दिसणाऱ्या मुलाला त्या मुद्दाम शिकवाव्या लागतात. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ फिल हॅटलेन यांनी १९९६ मध्ये अशा क्षेत्रांची मांडणी केली, आता ती नऊ धरतात. एकट्याने फिरणं, घरकाम, लोकांत वावरणं, खेळ, साधनं वापरणं, आपला निर्णय आपण घेणं वगैरे. सगळी इथे मोजत बसत नाही. पाहणीत विचारायचे प्रश्न मात्र अगदी घरगुती आहेत. शाळेच्या संडासापर्यंत एकटी जाते का, की त्या भीतीने दिवसभर पाणी पीत नाही? भात स्वतः कालवून खाते की आई भरवते? शंभराची नोट ओळखते का? (रिझर्व्ह बँकेचं मनी हे अ‍ॅप २०२० पासून नोटा ओळखून सांगतं.) चौदा वर्षांच्या मुलाला चहा गाळता येत नसेल, तर त्याच्या शैक्षणिक आराखड्यात चहा गाळणं यायलाच हवं, मग मुख्याध्यापकांना कितीही विचित्र वाटो.

शब्द आणि अनुभव यांचा मेळही तपासावा. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी हातात घेऊन फिरलेलं मूल बैलाचं वर्णन धडाधड करेल: चार पाय, दोन शिंगं, पाठीवर वशिंड. खऱ्या बैलाची उंची किती ते हाताने दाखव म्हटलं की हात गुडघ्यापाशी थांबतो. शब्द आला, वस्तू आली नाही. चाचणीत चित्रं दाखवून विचारायचे प्रश्न या मुलांना लागू नाहीतच; पण तोंडी उत्तर बरोबर आलं म्हणून कल्पना पक्की, असंही धरू नये.

फिरण्याची पाहणी त्या मुलाच्या स्वतःच्या रस्त्यावर करावी. मेट्रो स्थानकात पायाखाली उठावाच्या पट्ट्या आहेत, ठीक आहे. पण सीताबर्डीत खाली उतरल्यावर हातगाड्या आणि दुचाक्यांतून वाट काढायची पांढऱ्या काठीनेच. खेड्यातल्या मुलाचा रस्ता वेगळा: एसटीचा थांबा, नाल्यावरचा पूल, कुत्रं असलेलं घर.

मागायचं कुणाकडे

समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणासाठी विशेष शिक्षक असतात. ते तालुक्याच्या गट साधन केंद्राशी जोडलेले असतात. एकेकाकडे इतक्या शाळा असतात की न बोलावता ते येतील अशी वाट पाहू नये. पालकांनी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, त्यात ‘कार्यात्मक दृष्टी आणि शिक्षणमाध्यम यांचे मूल्यमापन’ असे शब्द घालावेत आणि पोच घ्यावी. नागपुरात केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र, म्हणजे सीआरसी, आहे. दक्षिण अंबाझरी मार्गावर अंध मुलांची जुनी शाळा आहे. तिथल्या शिक्षकांनी एकदा मुलाला पाहिलं तरी पुष्कळ गोष्टी उलगडतात. मूल्यमापन करणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे विचारायला संकोच नको.

४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ ने दिला आहे, आणि शाळा जवळची की विशेष, ही निवडही त्याचीच. कलम १७ प्रमाणे पुस्तकं आणि साधनं १८ वर्षांपर्यंत मोफत मिळायला हवीत. पण काय मिळायला हवं ते लिहिलेलं नसेल तर गोदामात जे असेल ते हातात पडतं, आणि छापील वाचणाऱ्या मुलाच्या घरात ब्रेलची पाटी धूळ खात बसते.

म्हणून अहवालातली भाषा महत्त्वाची. कुहीच्या आपल्या मुलीसाठी तो असा असायला हवा: ‘दुसऱ्या रांगेत, फळ्याच्या डाव्या बाजूला बसवावे, मान वळवण्यास हरकत घेऊ नये. फळ्यावर लिहिताना वाचून लिहावे. छापील माध्यम, अक्षर सध्याच्या दुप्पट. उतारा देताना ओळीखाली काळी पट्टी. तिरकी वाचनपाटी. वही ठळक काळ्या रेघांची, पेन काळे, जाड टोकाचे. सलग वीस मिनिटांनंतर पाच मिनिटे विश्रांती. जवळच्या चष्म्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. अनुस्वार व रफार यांचा सराव विशेष शिक्षकांनी आठवड्यातून दोनदा घ्यावा. तीन महिन्यांनी वाचनवेग पुन्हा घ्यावा.’ यातली प्रत्येक ओळ कुणीतरी उद्या सकाळी करू शकतो, आणि केली की नाही ते तपासताही येतं.

परीक्षेची तरतूद यातूनच निघते. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला तासाला किमान २० मिनिटं जादा दिली. पण हा वेळ आणि लेखनिक दहावीच्या अर्जाबरोबर पहिल्यांदाच आठवला तर मुलाचं नुकसान ठरलेलं. लेखनिकाला सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे: परिच्छेद कुठे तोडायचा, कोणता शब्द जोडून लिहायचा, कोणता खोडायचा, त्रिकोणाचा पाया आधी काढायला सांगायचा आणि मग शिरोबिंदूला नाव द्यायचं. लिहिणाऱ्याने काय लिहिलं ते मधूनमधून परत वाचून घ्यायचं. आठवीच्या चाचणी परीक्षांपासून हे सुरू करावं, लेखनिक बदलून बदलून, कारण बोर्डाच्या दिवशी समोर ओळखीचंच कुणी बसेल याची खात्री नसते.